न सुटलेला बाण

इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात चित्रकला कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण या चित्रात आपलं फिजिक्स आहे!

क्लोद लोरँ हा बरोक काळातला निसर्गचित्रकार. जन्म लोरेन प्रांतातला, आयुष्य मात्र रोममध्ये गेलं. १६८२ साली, म्हणजे ज्या वर्षी तो वारला त्याच वर्षी, त्याने शेवटचं चित्र रंगवलं. ते ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. मी फक्त स्क्रीनवर पाहिलंय. डावीकडे उंच खांबांचं देऊळ. त्याच्यापुढे धनुष्य ताणून उभा असलेला राजपुत्र अस्केनियस. उजवीकडे, मधल्या मोकळ्या जागेपलीकडे, एक हरीण. मागे विरत गेलेली दूरची जमीन.

सपाट कॅनव्हासवर एवढं अंतर आलं कुठून? मानखुर्द स्टेशनच्या पुलावर उभे राहा. जवळच्या बिल्डिंगा गडद दिसतात, ट्रॉम्बेची टेकडी फिकी. कारण मधली हवा प्रकाश विखुरते. हवेच्या रेणूंमुळे होणारं हे विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. ४५० नॅनोमीटरचा निळा आणि ६५० चा तांबडा घेऊन गणित करा, निळा चौपटीहून जास्त विखुरतो. तो दूरच्या गडद डोंगरावर जणू पडद्यासारखा पसरतो. आपल्याकडे धूळ आणि धूर जास्त. ते कण मोठे असल्याने सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून आपली टेकडी निळी न दिसता राखाडी दिसते. पावसाची मोठी सर येऊन गेली की तीच टेकडी जवळ सरकल्यासारखी वाटते.

रॅलेने हा नियम १८७१ साली मांडला. क्लोदने तो जवळपास दोनशे वर्षं आधी नुसत्या डोळ्यांनी टिपला होता.

आता गोष्ट. ती व्हर्जिलच्या 'इनीड' महाकाव्यातली. हे हरीण रानटी नाही, सिल्व्हिया नावाच्या मुलीने माया लावून पाळलेलं आहे. अस्केनियसला ते ठाऊक नाही. बाण लागतो, जखमी हरीण घरी धावतं, सिल्व्हिया लोकांना हाका मारते आणि युद्ध पेटतं. शाळेत माझा ग्रीक-रोमन कथांशीच जास्त संबंध आला. शाकुंतल आजीकडून कळलं. तिथेही राजा हरणावर बाण रोखतो, पण तपस्वी आडवे येतात, हे आश्रमातलं हरीण आहे म्हणतात आणि दुष्यंत बाण परत घेतो.

क्लोदच्या चित्रात असं आडवं येणारं कोणी नाही. त्याने बाण सुटण्याआधीचा क्षण निवडला. माणसं आणि हरीण अंगठ्याने झाकून पाहा, नुसता शांत देखावा उरतो. अंगठा काढला की तीच मोकळी जागा बाणाची वाट होते. मला तर दर वेळी वाटतं, कोणीतरी ओरडून सांगा रे त्याला!