मूत्रपिंडाचं स्वराज्य

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी मूत्रपिंडावर बोलावं हे चारकोपच्या श्रोत्यांना जरा खटकेल. पण 'स्वनियमन म्हणजे काय?' असं कोणी विचारलं, तर हल्ली आम्ही ग्रंथांच्या आधी या अवयवाकडे बोट दाखवतो.

१९६५ साली परळच्या केईएम रुग्णालयात भारतातलं पहिलं मूत्रपिंडरोपण झालं. रोपणात रक्तवाहिन्या जोडतात, मूत्रवाहिनी जोडतात; मज्जातंतू मात्र जोडत नाहीत. म्हणजे मेंदूचा हुकूम यायची तारच तुटलेली. तरी आपल्यातून किती रक्त जावं, हे रोपलेलं मूत्रपिंड सांभाळतंच.

हे हवं कशाला? दोन्ही मूत्रपिंडांतून मिनिटाला लिटरभर रक्त जातं, त्यातून सुमारे १२५ मिलिलिटर पाणी गाळलं जातं. दिवसाचे १८० लिटर! लघवी होते दीडेक लिटर, बाकीचं परत रक्तात. दाब वाढला की गाळणंही तेवढंच वाढलं असतं, तर माणूस काही तासांत कोरडा पडला असता. पण सरासरी दाब (डॉक्टर सांगतात तो वरचा आकडा नव्हे) साधारण ८० ते १८० च्या मध्ये कुठेही असो, प्रवाह जवळजवळ तेवढाच राहतो.

सोसायटीच्या टाकीत बॉलकॉक असतो ना? पाणी चढलं की आपोआप बंद, वॉचमन लागत नाही. गाळणीकडे येणारी बारीक धमनी तशीच: दाबाने ताणली की तिच्या भिंतीतला स्नायू आवळतो. दुसरी युक्ती आम्हाला अधिक आवडते. गाळलेलं पाणी नेणारी नलिका वळसा घेऊन पुन्हा आपल्याच गाळणीला येऊन टेकते. तिथल्या पेशी मीठ चाखतात. मीठ जास्त, म्हणजे गाळणं जास्त. लगेच निरोप, येणारी धमनी आवळा. कार्य आपल्याच कारणाला जाब विचारतं म्हणा ना!

दाब उतरला की उलट. येणारी धमनी सैल, जाणारी आवळलेली. गाळणीतला दाब टिकतो. आपल्या वयाच्या मंडळींनी इथे नीट ऐकावं. गुडघेदुखीच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या येणारी धमनी सैल होऊ देत नाहीत. एनालाप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या जाणारी आवळू देत नाहीत. त्यात लघवीची गोळी आणि वर जुलाब, की गाळणं एकदम कोसळू शकतं. तेव्हा केमिस्टकडून परस्पर पेनकिलर नको. रक्तदाबाची गोळीही आपल्या मनाने बंद करायची नाही. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर कुठली गोळी थांबवायची हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.