घोडा का अडला?

एक जुने कोडे तुम्ही वर्गात कधी ना कधी घातलेच असेल. पान सडते, भाकरी करपते आणि घोडा अडतो, या तिन्हींचे कारण एकच: न फिरवणे. पान उलटून ठेवायला हवे, भाकरी वेळेवर उलथायला हवी, हे मुलांना लगेच पटते. घोड्यापाशी मात्र आपण शब्दाच्या गमतीवरच थांबतो. न फिरवल्यामुळे घोड्याचे नेमके काय होते? या प्रश्नाच्या मागे गेलो, तर या प्राण्याचा सगळा स्वभाव उलगडतो.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण हा पट्टा गाड्यांचा. इथे तयार होणाऱ्या इंजिनांची ताकद आजही अश्वशक्तीत सांगतात. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे 746 वॅट. खरा घोडा मात्र या भागात मुख्यतः तीन ठिकाणी भेटतो. लग्नाच्या वरातीत नवरदेवाची घोडी असते. खेड तालुक्यातल्या गावांच्या यात्रांत, बैलगाड्यांच्या शर्यतीत, घाटातून बैलांपुढे स्वाराला घेऊन घोडी धावते. या शर्यतींवर 2014 मध्ये बंदी आली, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. एवढ्या काळात चर्चा झाली ती मुख्यतः बैलांची. आणि तिसरा घोडा धनगरांच्या वाड्याबरोबर, मेंढरांमागून चालत येतो.

गाडी काम संपले की बंद करून उभी करता येते. घोड्यालाही आपण नकळत तसेच वागवतो. हंगाम नसला की पत्र्याच्या शेडमध्ये आगाडी-पिछाडी बांधून उभा, सकाळ-संध्याकाळ चंदी आणि पेंढी. मालक निष्ठूर असतो असे नाही. अनेकदा तो स्वतः अर्धपोटी राहून घोड्याला हरभरा घालतो. चूक मायेत नसते, समजुतीत असते.

बैल आणि घोडा

आपल्या गोठ्याची कल्पना बैलावर बेतलेली आहे. बैल भराभर चारा पोटात भरतो आणि मग सावलीत बसून रवंथ करतो. त्याला दिवसातून दोनदा वैरण चालते, कारण त्याच्या पोटात कोठारच आहे. घोडा रवंथ करत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, साधारण 8 ते 15 लिटरचे. मोकळा घोडा दिवसाचे सुमारे 16 तास थोडे थोडे चरत असतो. गवतातल्या तंतूंचे पचन जठरात होत नाही, ते पुढे मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीवांच्या मदतीने होते.

यातली मेख अशी, की घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते, खाणे चालू असो वा नसो. ते सौम्य करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. म्हणजे तोंड तासन्‌तास रिकामे राहिले, तर आम्ल जठराच्याच अस्तरावर काम करू लागते. बांधून ठेवलेल्या आणि शर्यतीच्या घोड्यांत जठराचे व्रण सर्रास आढळतात ते यामुळे. उलट एकाच वेळी भरपूर दाणा दिला, तर न पचलेला पिष्टमय भाग मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. त्यातून पोटशूळ उठतो, कधी खुरांच्या आतल्या भागाला वेदनादायक सूज येते. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे त्याचा पोटशूळ जिवावर बेतू शकतो.

पायांत दडलेला पंप

घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीत; आहेत ती हाडे, कंडरा आणि एका बोटाच्या नखापासून बनलेले खूर. पाऊल जमिनीवर टेकते तेव्हा खूर किंचित रुंदावतो, तळाची रबरासारखी गादी दाबली जाते आणि आतले रक्त वर ढकलले जाते. चालणे थांबले की हा पंप मंदावतो. म्हणून रात्रभर उभ्या राहिलेल्या घोड्याचे पाय सकाळी सुजलेले दिसतात आणि थोडे फिरवल्यावर सूज ओसरते. कोड्याचे उत्तर इथे अगदी शब्दशः खरे ठरते.

ऑस्ट्रेलियात रानटी झालेल्या घोड्यांच्या गळ्यात उपग्रहावरून जागा टिपणारी यंत्रे बांधून मोजणी केली, तेव्हा ते दिवसाला सरासरी 16 किलोमीटर चालतात असे दिसले. चारा आणि पाणी यांच्यामध्ये अंतर असते, म्हणून ते चालतात.

पळणाऱ्याचे डोळे, कळपाची झोप

घोड्याच्या पूर्वजांचा इतिहास सुमारे साडेपाच कोटी वर्षांचा आहे. आजच्या पाळीव घोड्याचे पूर्वज माणसाने माणसाळवले ते सुमारे 4200 वर्षांपूर्वी. एवढ्याशा काळात मूळ स्वभाव बदलत नाही. घोडा हे भक्ष्य आहे, आणि पळणे हा त्याचा पहिला बचाव. डोळे बाजूला असल्याने त्याला जवळपास 350 अंशांचे दिसते. नाकासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग तेवढा दिसत नाही. नेमक्या त्याच जागी अचानक हात आला, की तो बुजतो किंवा लाथ झाडतो. त्याचे कान आपल्यापेक्षा उंच पट्टीचे आवाज ऐकतात. वरातीत ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे आणि फटाक्यांच्या मधोमध शांत उभी दिसणारी घोडी शांत असेलच असे नाही. पळायची वाट बंद आहे, एवढेच तिला कळलेले असते.

घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरे. पण गाढ झोपेसाठी त्याला दिवसरात्रीत अर्धा-एक तास तरी आडवे व्हावे लागते, आणि आसपास कोणी सोबती जागा असेल तरच तो निर्धास्तपणे आडवा होतो. एकटा, रस्त्याकडेला बांधलेला घोडा आठवडेच्या आठवडे नीट झोपत नसेल, तर संध्याकाळी तो चिडका का, याचे उत्तर वेगळे शोधायला नको. दावणीची लाकडे चावत हवा गिळणे, एका जागी डावीउजवीकडे डुलत राहणे, यांना आपण घोड्याच्या ‘खोडी’ म्हणतो. मोकळ्या कळपात या खोडी दिसत नाहीत. त्या बंदिस्तपणाच्या खुणा आहेत.

शिक्षकांनी आवर्जून सांगावी अशी एक गोष्ट बर्लिनची आहे. हान्स नावाचा घोडा गणिताची उत्तरे टाप आपटून देई. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी कसून तपासणी केली. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक नसेल, तर हान्स चुके. बरोबर आकड्यापाशी माणसाचे डोके किंचित हले, आणि हान्स ते टिपत असे. त्याला गणित येत नव्हते, माणूस वाचता येत होता. अशा प्राण्यापुढे चाबूक उगारून ओरडायची गरज किती?

धनगरांच्या वाड्यावर

भीमेच्या खोऱ्यातला भिमथडी घोडा मराठ्यांच्या घोडदळामुळे इतिहासात गाजला. 2023-24 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ही जात टिकली ती एखाद्या राजाच्या पागेत नव्हे, तर धनगरांच्या पाठीशी. पावसाळा संपला की वाडे पठारावरून घाटाकडे आणि कोकणात निघतात. घोड्यांच्या पाठीवर भांडी, अंथरुणे, जाळी, कोकरे, कोंबड्या असतात. मुक्कामाला ओझे उतरले की घोडे कापणी झालेल्या रानात चरायला मोकळे.

हे चित्र स्वर्गीय नाही. ओझे आहे, पुढचे पाय बांधून चरायला सोडणे आहे, उन्हाळ्यात उपासमारही आहे. तरी घोड्याला लागणाऱ्या तीन गोष्टी इथे रोज मिळतात: चालणे, सोबत आणि दिवसभर तोंडात तंतुमय चारा. मात्र रानांचे प्लॉट झाले आणि वाटांवर महामार्ग आले, तर चरण्याची जागा आक्रसते, हेही विसरता कामा नये.

शहरात काय करता येईल?

प्रत्येकाकडे माळरान नसते. अमेरिकेतले नालबंद जेमी जॅक्सन यांनी 1980 च्या दशकात रानघोड्यांचे निरीक्षण करून एक युक्ती सुचवली. जागेच्या कडेने अरुंद वाट आखायची आणि चारा एका टोकाला, पाणी दुसऱ्या टोकाला ठेवायचे. घोडा आपणहून चालतो. आपल्याकडे एवढे तरी जमेल: दाणा कमी, आणि तोही थोडा थोडा विभागून, कोरडा, बुरशी नसलेला चारा जाळीत भरून सतत समोर, शेजारी दुसरा घोडा, बसायला कोरडी जमीन, रोज मोकळे चालणे. आहारातला बदल मात्र हळूहळू, पशुवैद्यकाला विचारून करावा. नाल काढावेत का, हा प्रश्न कामावर अवलंबून आहे. खूर महिन्याला 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. डांबरी रस्त्यावर तो त्याहून जास्त झिजत असेल, तर नुसता नाल काढणे हीही क्रूरताच होईल.

वर्गासाठी

एका मुलाला समोर नजर लावून बसवा. दुसऱ्याने मागून, बाजूने रंगीत कागद हळूहळू पुढे आणावा. कागद दिसला तो कोन कंपासपेटीतल्या कोनमापकाच्या मदतीने फळ्यावर मांडा. मग घोड्याचे 350 अंश काढून शेजारी ठेवा. जवळपास घोडा आणि बैल दोन्ही असतील, तर प्रत्येकाकडे अर्धा तास दुरून पाहून लिहा: तोंड किती वेळ हलले, पावले किती पडली, कान कुठे वळले. घोड्याच्या अगदी मागे कोणी उभे राहू नये.

नोंदी पुऱ्या झाल्या की ते जुने कोडे पुन्हा घाला. या वेळी मुले कारणासहित उत्तर देतील, आणि एखादे मूल घरच्या किंवा शेजारच्या घोडीची दोरी थोडी सैल करायला सांगेल.