संख्यांची वाढघट इंग्रजीतून सांगताना

राज्यात सन २००० पासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी विषय सुरू झाला. तेव्हापासून खेड्यातील प्राथमिक शिक्षकास मुलांना इंग्रजी शिकवावे लागते, त्याचप्रमाणे प्रसंगी पटाची, उपस्थितीची वा वजनाची माहितीही इंग्रजी वाक्यांत द्यावी लागते. धसई परिसरातील शाळांची टिपणे वाचताना असे दिसते की, आकडे बहुधा अचूक असतात. परंतु त्यांच्या मागेपुढे येणारी ‘बाय’, ‘टू’, ‘ऑफ’, ‘इन’ ही चिमुकली अव्यये अर्थाचा घात करतात.

दिवाळीनंतर आपल्या मुरबाड-शहापूर भागांतील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामास जातात व त्यांच्याबरोबर मुलेही जातात. समजा, एका शाळेची उपस्थिती ४० होती आणि १५ मुले गेली. शिक्षकाने ‘अटेंडन्स फेल बाय फिफ्टीन’ असे लिहिले, तर शाळेत २५ मुले उरली असा अर्थ होतो. त्याने ‘अटेंडन्स फेल टू फिफ्टीन’ असे लिहिले, तर १५ च उरली असा होतो. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत, म्हणून वाचणाऱ्यास शंकाही येत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलामागे पोषण आहाराचे धान्य दररोज १०० ग्रॅम या मानाने धरले, तर १० मुलांच्या फरकाने रोजचा एक किलो तांदूळ हिशेबातून निसटतो. शिवाय स्थलांतरित झालेली मुले १५ की २५, हा प्रश्न निराळाच. त्यांतील प्रत्येक मुलाचा शोध घ्यावयाचा असतो.

वास्तविक हा भेद आपल्या मराठीत पूर्वीपासून आहे, आणि तो मुलांच्या तोंडीही आहे. ‘भाताचा भाव दोन रुपयांनी चढला’ आणि ‘भाताचा भाव बावीस रुपयांवर गेला’ यांत घोटाळा करणारे मूल धसईच्या बाजारात सापडावयाचे नाही. पहिल्या वाक्यातील तृतीयेचा ‘नी’ म्हणजे ‘बाय’. दुसऱ्यातील ‘वर’ म्हणजे ‘टू’. येथेच एक सापळा आहे. ‘वर’ म्हटले की मुलास ‘ऑन’ आठवते, कारण टेबलावरील पुस्तकाच्या वाक्यात आपणच त्यास ते शिकविलेले असते. म्हणून शब्दास शब्द न देता संख्यारेषेचा उपयोग करावा. फळ्यावर रेषा काढून २० वर एक मूल उभे आहे असे दाखवावे. ते जेथून निघाले तेथे ‘फ्रॉम’, जेवढी उडी मारली तेथे ‘बाय’, जेथे पाय टेकले तेथे ‘टू’. ‘फ्रॉम ट्वेंटी टू ट्वेंटी-टू’ आणि ‘बाय टू’ या दोन्ही गोष्टी मग एकाच उडीविषयी आहेत, हे दुसरीच्या मुलासही कळते. हा खेळ अंगणातही खेळता येतो. आमच्या मते तेथेच तो अधिक रंगतो.

क्रियापदाऐवजी नाम आले की अव्यय बदलते, याकडे फारसे लक्ष जात नाही. ‘उपस्थिती दहाने वाढली’ यास ‘इन्क्रीझ्ड बाय टेन’ म्हणावे. परंतु ‘उपस्थितीत दहाची वाढ’ यास ‘ॲन इन्क्रीझ ऑफ टेन इन अटेंडन्स’ म्हणावे लागते. मराठी वाक्य नीट न्याहाळले, तर ‘उपस्थितीत’ मधील सप्तमीचा ‘त’ हाच ‘इन’, आणि ‘दहाची’ मधील षष्ठीचा ‘ची’ हाच ‘ऑफ’. विभक्ती पक्क्या असलेल्या शिक्षकास ही जोडणी पाठ करण्याची गरजच पडत नाही.

‘पर्यंत’ या शब्दाने मात्र सावध राहावे. ‘संख्या चाळीसपर्यंत गेली’ याचे भाषांतर कोणी ‘टिल फॉर्टी’ असे करतात. पण ‘टिल’ हे काळाचे अव्यय आहे, संख्येच्या वाढघटीस ते लावू नये. ‘अप टू फॉर्टी’ म्हटल्यास बहुधा ‘अधिकात अधिक चाळीस’ अशी मर्यादा सूचित होते. मोजून चाळीसच झाली असेल, तर साधे ‘टू’ पुरे. ‘दुपटीने वाढली’ याकरिताही ‘बाय टू टाइम्स’ लिहू नये. त्याचा अर्थ कोणी तिप्पट असाही घेईल. ‘डबल्ड’ या एका क्रियापदात अव्ययाचे कामच उरत नाही.

शेकडेवारीत काळजी अधिक हवी. जनगणनेनुसार महाराष्ट्राचे साक्षरतेचे प्रमाण २००१ साली शेकडा ७६.८८ होते, ते २०११ साली शेकडा ८२.३४ झाले. ‘रोज फ्रॉम ... टू ...’ हे वाक्य येथे सर्वांत सुरक्षित. फरक सांगावयाचा असेल, तर ‘बाय ५.४६ परसेंटेज पॉइंट्स’ असे म्हणावे. नुसते ‘परसेंट’ म्हटल्यास चूक होते. मूळ ७६.८८ च्या मानाने पाहता वाढ सुमारे ७.१ टक्के भरते. याउलट लोकसंख्येसारखी मोजणी टक्क्यांत सांगण्यास हरकत नाही. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा होण्यापूर्वीच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या ८१,३१,८४९ वरून २०११ मध्ये १,१०,६०,१४८ झाली. म्हणजे ‘बाय २९,२८,२९९’, अथवा ‘बाय अबाउट ३६ परसेंट’.

एक अव्यय राहिले, ते ‘ॲट’. संख्या हलत नसून एका ठिकाणी स्थिर असेल, तेव्हा ते योजावे. भातसा धरण भरून वाहू लागण्याची पातळी १४२.०७ मीटर आहे. पावसाळ्यात पाणी चढत असता ‘द लेव्हल रोज बाय वन मीटर’, धरण काठोकाठ भरले त्या दिवशी ‘रोज टू १४२.०७ मीटर्स’, आणि पाणी तेथेच राहिले तर ‘स्टूड ॲट १४२.०७ मीटर्स’. पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून धरणांच्या पातळ्यांचे आकडे येतात. ते आठवडाभर फळ्यावर लिहून चौथी-पाचवीच्या मुलांकडून रोज अशी तीन वाक्ये करून घ्यावीत.