मावळतीच्या उन्हाचे समीकरण

बीजगणितात काठावर पास झालेल्या मराठीच्या मास्तराने सरळ रेषेच्या समीकरणावर लिहावे, हा दिवाळीतला फुसका बारच! पण एका नोव्हेंबरात अंबाबाईच्या देवळात माझ्यावर ती वेळ आली खरी.

आमचे हे देऊळ पश्चिमाभिमुख. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीचे ऊन महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येते. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा किरणोत्सवाचा क्रम. सूर्य २१ डिसेंबरच्या सुमारास दक्षिणेकडून माघारी वळतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे जवळजवळ सारखेच दिवस मोजले की या तारखा येतात.

त्या तिसऱ्या संध्याकाळी ऊन कमरेपर्यंत चढले आणि विझले. शेजारच्या आजीबाई हात जोडूनच म्हणाल्या, "आईच्या तोंडापातुर काय आलं न्हाई औंदा." कुणी ढगांना बोल लावला, कुणी वाटेतल्या इमारतींना. माझी अकरावीतली भाची म्हणाली, "मामा, घरी चला. मांडून बघू."

गवंडी दोन खुंट्या ठोकून दोरी ताणतो. दोन खुंट्यांत सरळ दोरी एकच बसते. सारे गणित एवढेच. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त दिव्याच्या नि शंकूच्या छायेचे हिशेब मांडले, तेही किरण सरळ जातो याच भरवशावर. पुढे १६३७ साली देकार्तने रेषेला समीकरणाचे रूप देण्याची वाट दाखवली.

भाचीने सोयीसाठी कल्पित आकडे घेतले. देवीच्या चरणांपाशी अंतर ०, उंची ०. तिथून ४०० फुटांवर किरण २० फूट उंच. उंचीतला फरक भागिले अंतरातला फरक, म्हणजे चढ: २० भागिले ४००, एक-विसांश. झाले समीकरण: उंची = अंतर ÷ २०. हजार फुटांवरचे घर ५० फुटांच्या आत असले, तर चरणांना ऊन मिळणार.

"आता मुखाचं बघा." मुख चरणांहून ३ फूट वर धरले. ऊन तिथवर चढायचे तर सूर्य आणखी खाली उतरायला हवा. किरण आडवा होतो. ४०० फुटांवर तो ११ फुटांवर आला समजा. फरक ८, चढ एक-पन्नासांश. उंची = अंतर ÷ ५० + ३. हजार फुटांवर किती? अवघे २३!

मी दोनदा पडताळून पाहिले. तीस फुटी घर चरणांचे ऊन अडवीत नाही, पण मुखाचे अडवते. म्हणजे पहिल्या दिवशी सारे निर्वेध दिसावे आणि तिसऱ्या दिवशी घात व्हावा, हे गणिताने शक्य होते. ढगही असतील, धूळही असेल. पण भिंत ढगासारखी पुढच्या वर्षी सरकत नाही.

आमची गल्ली देवळाच्या पश्चिमेला. वरच्या मजल्याचा नकाशा कपाटात पडून होता, हे भाचीला ठाऊक होते.

"मामा, आपलं घर देवळापासून किती फुटांवर?"

दुसऱ्या दिवशी सुताराकडून लांब फीत मागून आणली. एक टोक तिच्या हाती दिले.