बुद्धिबळ : छंदाकडून अभ्यासाकडे

चावडीवर, देवळाच्या ओसरीत किंवा शाळेच्या मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बुद्धिबळाचा पट मांडलेला आपण अनेकदा पाहतो. खेळणारे वीस-वीस वर्षे नियमाने खेळत असतात; तथापि पहिल्या वर्षी ज्या चुकीने वजीर गमावला, तीच चूक विसाव्या वर्षीही घडते. पुष्कळ खेळणे आणि पुष्कळ शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेच यावरून सिद्ध होते.

कुस्तीच्या तालमीत वस्तादाशिवाय कोणी तयार होत नाही. बुद्धिबळाबाबत मात्र हा खेळ ज्याचा त्याने शिकावा, अशी आपली समजूत असते. ही समजूत चुकीची ठरविण्याचे कार्य महाराष्ट्रात सांगलीने केले. तेथे भाऊसाहेब पडसलगीकर यांनी 1941 साली नूतन बुद्धिबळ मंडळाची स्थापना केली आणि अनेक दशके मुलामुलींना खेळाचे धडे दिले. राष्ट्रीय महिला अजिंक्यपद पाच वेळा मिळविणाऱ्या भाग्यश्री साठे-ठिपसे व महिला ग्रँडमास्टर किताबाच्या मानकरी स्वाती घाटे या सांगलीच्याच होत. मोठ्या शहराची साधने नसतानाही जाणता मार्गदर्शक व नियमित बैठक यांच्या बळावर काय घडू शकते, याचे हे उदाहरण होय. प्रशिक्षकाच्या कार्याचे महत्त्व शासनानेही मान्य केले असून, 1986 साली रघुनंदन गोखले यांना बुद्धिबळासाठी द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला.

मार्गदर्शक काय करतो ?

आपली चूक आपल्याला दिसत नाही, ही हौशी खेळाडूची मुख्य अडचण असते. हरलेला डाव तो पटकन मोडतो आणि नवा मांडतो. जाणता शिक्षक नेमके याच्या उलट करावयास लावतो. प्रत्येक चाल वहीत लिहावी, डाव संपल्यावर तो पुन्हा मांडावा आणि "ही चाल खेळताना मनात काय होते ?" या प्रश्नाचे उत्तर द्यावे, असा त्याचा आग्रह असतो. चुकीच्या चालीमागील चुकीचा विचार सापडला, की सुधारणेस आरंभ होतो. आज संगणक व मोबाइल क्षणात उत्तम चाल दाखवितात हे खरे; परंतु आपण ती का पाहिली नाही, हे ते सांगू शकत नाहीत.

शिक्षणाचा क्रमही महत्त्वाचा आहे. नवशिका सुरुवातीच्या चाली पाठ करू लागतो. जगज्जेते कापाब्लांका यांनी मात्र 1921 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाठ्यपुस्तकात डावाच्या शेवटापासून प्रारंभ केला. पटावर मोहरी थोडी असली म्हणजे प्रत्येकाचे सामर्थ्य स्पष्ट कळते. उदाहरणार्थ, आपल्याजवळ राजा व एक प्यादे आहे आणि प्रतिपक्षाजवळ केवळ राजा आहे. अशा वेळी घाईने प्यादे पुढे रेटल्यास डाव बहुधा बरोबरीत सुटतो. परंतु आपला राजा सहाव्या ओळीत आणि प्यादे त्याच्या लगेच मागे पाचव्या ओळीत असेल, तर चाल कोणाचीही असो, प्याद्याचा वजीर होतोच. अपवाद फक्त पटाच्या कडेच्या प्याद्याचा. राजाने पुढे होऊन वाट मोकळी करावी आणि मागून प्याद्याने यावे, हे एक तत्त्व समजल्याने कित्येक बरोबरीचे डाव जिंकता येतात.

देशी पद्धत आणि आंतरराष्ट्रीय नियम

आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकत असे. त्या पद्धतीत तयार झालेल्या पंजाबच्या मीर सुलतान खान यांनी इंग्लंडमध्ये विंटर व येट्स या खेळाडूंकडून धडे घेतले आणि 1929, 1932 व 1933 साली ब्रिटिश अजिंक्यपद पटकाविले. अंगी असलेल्या बुद्धीला योग्य मार्गदर्शनाची जोड मिळाल्याचे हे फळ होते.

आपल्या गावी काय करता येईल ?

धार व देवास येथे पवारांच्या काळापासून मराठी कुटुंबे नांदत आहेत, आणि जवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांमुळे या भागात नोकरदारांची वस्ती वाढली आहे. अशा ठिकाणी किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात शाळेची एक खोली, चार पट आणि आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ एवढ्यावर मंडळ सुरू होऊ शकते. तालुक्याच्या गावचा एखादा स्पर्धा खेळलेला खेळाडू महिन्यातून एकदा आला, तरी मधल्या दिवसांत वह्यांत लिहिलेले डाव त्याच्यापुढे ठेवता येतील. मुलींना या बैठकीत आवर्जून स्थान द्यावे. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने 2025 साली महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळविला, ही गोष्ट त्यांना सांगण्याजोगी आहे.

चाळिशीनंतर पटाकडे वळलेला प्रत्येक जण विजेता होईल असे नाही, आणि तशी अपेक्षाही नको. परंतु हरल्यावर पट न उधळता "माझे कोठे चुकले ?" असे शांतपणे विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याला तिचा उपयोग पटाबाहेरही होतो. शिक्षकांनी आपल्या शाळेत या सवयीचा प्रारंभ करून द्यावा. त्यासाठी एक वही व एक पट पुरेसा आहे.