नास्तिक शब्दाचा अर्थ आणि पूर्वपक्षाचें ऋण

नास्तिक म्हणजे ईश्वर न मानणारा, असा अर्थ आम्हीही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें सांगत आलों. तो अपुरा होता. मनूनें वेदनिंदकास नास्तिक म्हटलें आहे. पाणिनीच्या सूत्रावर काशिकाकार परलोक न मानणारा असा अर्थ देतात. ईश्वराचें नांव दोहोंतही नाहीं. म्हणूनच जगत्कर्ता नाकारणारे कुमारिलभट्ट आस्तिकांतच गणले जातात!

दोन्ही अर्थीं नास्तिक तो चार्वाक. त्याचीं मूळ सूत्रें लुप्त झालीं. मत उरलें तें बहुतांशीं प्रतिपक्ष्यांच्या ग्रंथांत. १४ व्या शतकांत माधवाचार्यांनीं सर्वदर्शनसंग्रहाचा आरंभच त्या मतानें केला. धूर व अग्नि यांचें साहचर्य तिन्ही काळीं पाहिलें कोणीं, हा त्यांतील आक्षेप वरवर पोरकट वाटतो. परंतु अशाच आक्षेपांस उत्तर देतां देतां नैयायिकांचा व्याप्तिविचार सूक्ष्म होत गेला, आणि गंगेशांच्या तत्त्वचिंतामणींत व्याप्तिग्रहाच्या उपायांस स्वतंत्र प्रकरण द्यावें लागलें.

जयराशिभट्टाचा तत्त्वोपप्लवसिंह मात्र ताडपत्रावर वांचला व १९४० सालीं बडोद्यास छापला गेला. त्यास चार्वाक म्हणावें कीं संशयवादी, याविषयीं मतभेद आहे. पोथी सांपडली ती पाटणच्या जैन भांडारांत. आणि ग्रंथांत तर जैनमताचेंही खंडन आहे.