एकाच घरातले दोन उपास

आमच्या घरी आषाढी एकादशीला दोन तऱ्हेचे उपास होत. आजीचा निर्जळी, पाण्याचा थेंबही तोंडात नाही. बाकी सगळ्यांचा खिचडीचा. आदल्या रात्री भिजत घातलेला साबुदाणा सकाळी टपोरा फुललेला असे. तुपात जिरं तडतडलं की हिरवी मिरची, बटाट्याच्या फोडी आणि वर भरपूर दाण्याचं कूट. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असं आजी म्हणायची, पण ताटलीत वाढायचीही तीच.

दुपारी ती ओसरीवर माळ घेऊन बसे आणि मी तिच्या शेजारी. आज वाटतं, तेव्हा आम्हा दोघांच्या आतल्या चुली वेगवेगळ्या सरपणावर पेटलेल्या होत्या. माझी साखरेवर, तिची बहुतांश चरबीवर. हा फरक नुसत्या श्वासावरून ओळखता येतो. शरीर साखर जाळतं तेव्हा जेवढा ऑक्सिजन वापरला जातो, तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे गुणोत्तर १. चरबीच्या रेणूत मुळात ऑक्सिजन फार कमी, म्हणून ती जाळायला तो बाहेरून जास्त लागतो आणि गुणोत्तर ०.७ च्या आसपास उतरतं.

मग कोणतं सरपण चुलीत घालायचं हे ठरवतं कोण? पाठ्यपुस्तकात ज्यांना विकरं म्हणतात आणि डॉक्टर ज्यांना एन्झाइम म्हणतात, ती प्रथिनं.

खिचडीपासून सुरुवात करू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. लाळेतलं अमायलेज पहिल्या घासालाच ते तोडू लागतं, आतड्यात त्याचं ग्लुकोज होतं. रक्तातली साखर वाढली की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं आणि चरबीच्या पेशींमधली लायपेज विकरं मंदावतात. साठ्यातून मेदाम्लं बाहेर पडणं जवळपास थांबतं. कोठाराला असं कुलूप लागतं, पण त्याहून विलक्षण गोष्ट पुढे, स्नायूच्या पेशीत घडते.

पेशीतली चूल म्हणजे मायटोकाँड्रिया. मेदाम्लाच्या लांब साखळीला तिथे थेट शिरता येत नाही. दारावर सीपीटी-१ नावाचं विकर असतं. ते मेदाम्लाला कार्निटिन नावाचा रेणू जोडतं आणि त्याच्याबरोबरच मेदाम्ल आत जातं. जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजासारखा हा प्रकार: एका वेळी एक, वाकून. आणि या दरवाजाला एक अडसर आहे, मॅलोनिल-कोए.

हा अडसर येतो कुठून? साखर मुबलक असली की तिच्यापासून बनलेल्या अॅसिटिल-कोएचं एसीसी हे विकर मॅलोनिल-कोए करतं. यकृतात मॅलोनिल-कोए ही नवी चरबी घडवण्याची पहिली वीट. म्हणजे एकीकडे चरबी बांधायला घेतलेली असताना दुसरीकडे तीच जाळायची, असा वेडेपणा होऊ नये याची सोय त्या विटेतच आहे! १९७७ साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये डेनिस मॅकगॅरी आणि डॅनियल फॉस्टर यांनी ही जोडणी दाखवून दिली. मला त्याहून जास्त भुरळ पडते ती स्नायूची. स्नायू चरबी बांधायच्या भानगडीत फारसा पडतच नाही, तरी मॅलोनिल-कोए बनवतो. त्याच्याकडे ती वीट नव्हेच, नुसता निरोप आहे: साखर आली आहे, चरबीचं दार लावा.

आजीच्या पेशींत हा निरोप पोचतच नव्हता. दशमीच्या रात्रीनंतर पोटात काही नाही. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात फार तर १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि साधारण दिवसभराच्या उपासात ती संपत येते. इन्सुलिन उतरतं, लायपेज जागी होतात, मेदाम्लं रक्तात उतरतात. मॅलोनिल-कोए कमी झालेलं असतं, अडसर निघतो.

आता चरबी साखरेचं दार लावून घेते. ग्लुकोजपासून तयार झालेल्या पायरुवेटला चुलीत ढकलणारं एक अवाढव्य विकर-संकुल आहे, पीडीएच. तिथून पुढे गेलेली साखर पुन्हा साखर होऊ शकत नाही, परतीची वाट नाही. मेदाम्लं जळू लागली की त्यातून निघणारं अॅसिटिल-कोए पीडीएचला बंद करणाऱ्या विकराला, पीडीकेला, चालना देतं. उपास लांबला तर स्नायू त्यातलं पीडीके-४ नव्याने घडवूही लागतात. स्नायूंची ही काटकसर मेंदूसाठी असते. मेंदूला मेदाम्लं चालत नाहीत. त्याला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि उपाशी शरीरात ते यकृताला कष्टाने घडवावं लागतं. चरबी आणि साखर एकमेकींना अशा अडवतात, हे १९६३ साली फिलिप रँडल आणि त्यांच्या केंब्रिजमधल्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या आणि श्वासपटलाच्या स्नायूंवर प्रयोग करून मांडलं.

चालण्यानेही मॅलोनिल-कोएचा तोच अडसर निघतो. स्नायूतली ऊर्जा खर्ची पडू लागली की एएमपीके हे विकर एसीसीला गप्प करतं.

दोन्ही दारं वेळेवर उघडणं-मिटणं हे निरोगी शरीराचं खरं लक्षण, असं मला वाटतं. वजनकाटा ते दाखवत नाही. लठ्ठपणात आणि टाइप-२ मधुमेहात ती दारं जणू गंजतात: रात्रभराच्या उपासानंतरही स्नायू चरबीकडे पुरेसे वळत नाहीत आणि जेवल्यावर साखरेकडेही नाही. आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २००४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रं छापली. दोघांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघंही सडपातळच. म्हणून मधुमेहाची औषधं घेणाऱ्या कुणीही डॉक्टरांना न विचारता निर्जळी उपास धरू नये, मग अंगकाठी कितीही सडपातळ असो.

द्वादशीला आजी लवकर पारणं सोडायची. गरम वरण-भात, वर तूप, लिंबाची फोड. पहिला घास पोटात गेला तरी तिच्या स्नायूंमधलं साखरेचं दार लगेच उघडत नसणार, कारण उपासात घडवलेलं पीडीके-४ ओसरायला काही तास जातात. तोवर भाताचं ग्लुकोज जळण्याऐवजी आधी ग्लायकोजेन होऊन साठत जातं, रिकामी कोठारं भरू लागतात. आजी पानावरून उठून तुळशीला पाणी घालत असे, तेव्हाही ही भरणी चालूच असणार.